बैलाचा मागचा गुडघा उलटा का वाकतो? (मातीच्या बैलासाठी विचारतोय)

प्रश्न : मातीचा_बैल

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे. बेंदराच्या आधी आमच्या शाळेत मुलांकडून मातीचे बैल करून घेतो. पूर्वी मुलं नुसते चार खांब लावून वर अंग ठेवायची. यंदा मोठ्या वर्गाला आधी तारेचा सांगाडा करून त्यावर माती चढवायला शिकवतोय, म्हणजे पाय मोडत नाहीत आणि बैल चालतोय असं दाखवता येतं.

तार वाकवायची वेळ आली आणि सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, बैलाचा पुढचा गुडघा पुढे आहे आणि मागचा गुडघा उलटा मागे आहे. असं का? त्याला चालताना अडत नाही का?" मी तिला उद्या सांगतो म्हटलं. घरी येऊन आमच्याच बैलाकडे नीट पाहिलं, तर ती म्हणते तसंच दिसतं. वर कुत्र्याचं, शेळीचं आणि कोंबडीचंही तसंच.

जाणकारांनी सांगावं : माणसाचा कुठला सांधा बैलाच्या कुठल्या सांध्याच्या जागी येतो? आणि तार नेमकी कुठे, कुठल्या बाजूला वाकवायची?

पशुवैद्य_माणदेश

गुरुजी, त्या मुलीची नजर चांगली आहे. तिने पाहिलं ते अगदी बरोबर, फक्त ज्याला ती मागचा गुडघा म्हणते ती बैलाची टाच आहे.

मी सगळी नोकरी आटपाडी, सांगोला, माण या पट्ट्यात खिलार जनावरांत केली. आता निवृत्त आहे. बैलाच्या पायाबद्दल लोकांशी जेवढं बोललो, तेवढं दुसऱ्या कशाबद्दल बोललो नसेन, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चित्रावरून हे कळत नाही, हाताने चाचपून कळतं. तुमचा बैल गरीब असेल तर त्याच्या कुशीला उभे राहा. पोटाची कातडी मांडीला जिथे मिळते तिथे घडीच्या जरा मागे तळवा ठेवा आणि कुणाला तरी बैल एक पाऊल पुढे घ्यायला लावा. हाताखाली एक हाड वरखाली सरकेल. ती गुडघ्याची वाटी. बैलाचा खरा गुडघा तो, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. मांडीचं हाड पूर्ण अंगात गेलेलं असतं, गुडघा पोटाच्या खालच्या रेषेजवळ असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तिथून खाली पोटरी. पोटरीच्या शेवटी मागे जे हाडाचं टोक येतं ते टाचेचं हाड. त्याला वरून येऊन मिळणारी जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दोन बोटांत धरता येते. आपल्या टाचेमागे हात लावा, तीच शीर तुम्हालाही सापडेल.

टाचेच्या खाली जी सरळ नळी आहे ती म्हणजे तळपाय. आपल्या तळपायात पाच लांब हाडं असतात. बैलात त्यांतली तिसरी आणि चौथी जुळून एकच नळी झाली आहे. नळीच्या खालच्या टोकाला पुन्हा दोन फाटे फुटतात आणि दोन बोटं सुरू होतात. दोन खुरं म्हणजे त्या दोन बोटांची टोकं. मागे वरच्या अंगाला जी दोन बारकी, जमिनीला न टेकणारी खुरं लोंबतात ती दुसरं आणि पाचवं बोट. अंगठा राहिलेलाच नाही. घोड्यात याहून पुढे गेलंय, तो फक्त मधल्या बोटावर उभा असतो.

आता पुढचा पाय. कोपर छातीला चिकटून, छातीच्या खालच्या रेषेवर असतो. हात लावला की टोक लागतं. आणि ज्याला आपण सगळे बैलाचा पुढचा गुडघा म्हणतो ते मनगट आहे. याचा पुरावा आत आहे. गुडघ्यात मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि वाटी एवढीच मोठी हाडं भेटतात. बैलाच्या या सांध्यात मात्र ६ बारकी हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. आपल्या मनगटात अशीच दोन ओळींत ८ असतात. बैल बसताना खूर मागे जातं, तसं आपण तळहात आत वळवतो तेव्हा मनगट वाकतं.

पोरांना एक करून बघायला सांगा. हातापायांवर ओणवं व्हायचं, मग तळहात उचलून फक्त मधलं बोट आणि अनामिका टेकवायची, आणि पायाच्या टाचा वर घ्यायच्या. कोपर कुठे आलं, मनगट कुठे आलं, टाच कुठे आली हे प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर दिसेल. आपण पूर्ण पाऊल टेकून चालतो, अस्वलही. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात. बैल, शेळी, घोडा नखांवर. जेवढं टोकावर उभं राहावं तेवढा पाय लांब होतो आणि टाच जमिनीपासून वर जाते. मांस सगळं वर अंगाजवळ राहतं, खाली नुसती हाडं आणि शिरा. खालचा पाय हलका असला की तो पुढेमागे फेकायला कमी जोर लागतो.

तारेचं सांगतो. मागचा पाय : खुब्यापासून तार खाली आणि पुढे, गुडघ्याचा कोन पुढे. तिथून खाली आणि मागे, टाचेचा कोन मागे. तिथून जवळजवळ सरळ खाली, आणि खुराच्या वरच्या सांध्याशी जराशी पुढे. पुढचा पाय : फऱ्याचं पातं, म्हणजे खांद्याचं चपटं हाड, वरून खाली येताना पुढे, खांद्याचा कोन पुढे. मग मागे, कोपराचा कोन मागे. कोपरापासून मनगटातून थेट खाली सरळ, आणि शेवटी खुराशी जराशी पुढे.

एक चूक चांगले मूर्तिकारही करतात. वाळलेल्या जनावराच्या कंबरेला जे मोठं हाड बाहेर येतं, जिथे कातडी ताणलेली दिसते, त्यालाच खुब्याचा सांधा धरतात. ते कंबरेच्या हाडाचं टोक आहे. खरा खुबा त्याच्या मागे आणि खाली, मांडीच्या मांसात असतो. तार त्या टोकापासून सोडली तर मांडी फार लांब होते आणि बैल घोड्याच्या खेळण्यासारखा दिसतो.

आणि पुढचा पाय धडाला हाडाने जोडायचा नाही. आपल्याला गळपट्टीचं हाड असतं, त्याने हात छातीच्या हाडाला जोडलेला असतो. बैलाला ते हाडच नाही. दोन्ही फऱ्यांच्या मधे त्याची छाती मांसाच्या पट्ट्यांनी टांगलेली असते. बैल उतारावरून येताना मागून बघा, फऱ्याचं पातं कातडीखाली सरकताना दिसतं. म्हणून सांगाड्यात पुढच्या पायाची तार छातीतून आरपार घातली तरी वरून मातीत फऱ्याचा आकार वेगळा उठू द्या.

उजनीकाठी

डॉक्टर, कोंबडीचं राहिलं. मी भिगवणला पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतो, रोहित (फ्लेमिंगो) बघायला आलेले लोक हाच प्रश्न विचारतात. "एवढा लांब पाय आणि गुडघा उलटा कसा?" तोही गुडघा नव्हे, घोटा, म्हणजे तुम्ही बैलाची टाच म्हणालात तोच सांधा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो, उभ्या पक्ष्याचा तो दिसतच नाही.

गुरुजी, मुलांना घरात दाखवायचं तर तंगडी ताटात असते. मांडी आणि तंगडी जिथे सुटी होते तो गुडघा. तंगडीचं खालचं टोक, जिथे पिसं संपून खवले सुरू होतात, तो घोटा. त्याखालचा पिवळा खवल्यांचा भाग तळपायाचा.

रोहित एका पायावर तासन्‌तास झोपतो. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या रोहितांच्या अंगावर हे तपासलं. एका पायावर उभं असल्यासारखं मांडलं की ते मेलेलं अंगही स्नायूंच्या जोराशिवाय तसंच उभं राहायचं, पाय न दुमडता. दोन पायांवर मात्र तसं टिकत नव्हतं. सांध्यांची मांडणीच अशी की वजन त्या एका पायाच्या वर आलं की तो आपोआप धरून राहतो. हे सांगितलं की नावेतले लोक एकदम गप्प होऊन बघायला लागतात, म्हणून मी ते रोज सांगतो.

वैद्य_वाई

एक भर घालते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातले संधी २१० सांगितलेत. हातापायांत ६८, धडात ५९, मानेच्या वर ८३. त्यांचे आठ प्रकार आहेत आणि बोटं, मनगट, घोटा, गुडघा, कोपर हे पाचही एकाच प्रकारात, कोर संधीत, घातले आहेत. गुरुजींच्या विद्यार्थिनीचा गोंधळ नेमका याच पाचांत झालाय, कारण बाहेरून सगळे बिजागरीसारखेच वाकतात. काख आणि जांघ यांना उलूखल, म्हणजे उखळ. डोक्याच्या कवटीच्या जोडांना तुन्नसेवनी, शिवणीसारखे, ते हलत नाहीत. जबड्याला वायसतुंड, कावळ्याची चोच. हे प्रकार जनावरांनाही तितकेच लागू पडतात का, डॉक्टर?

पशुवैद्य_माणदेश

ताई, लागू पडतात, आणि उखळ हे नाव बैलाच्या खुब्याला फार चपखल आहे. फक्त मनगटाबद्दल मी वेगळं सांगेन. आपलं मनगट पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंनाही वळतं. बैलाचं मात्र फक्त पुढे-मागे. तो नांगराला किंवा उसाच्या गाडीला जुंपलेला असताना मनगट बाजूला वळलं असतं तर टिकला नसता.

मातीचा_बैल

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. ओणवं होऊन बघायचा खेळ आज वर्गात घेतला, पोरं अजून घरी जाईपर्यंत तसंच चालत होती. ज्या मुलीने विचारलं होतं तिला फळ्यावर दोन्ही पाय काढायला लावले आणि तिने बाकीच्यांना समजावलं.

याच निमित्ताने आणखी एक. आमच्या शेजाऱ्यांच्या बैलाचा मागचा एक पाय चालता चालता मागे ताठ राहतो, खूर जमिनीवर घासतं, मग झटका बसल्यासारखा एकदम पुढे येतो. ते म्हणतात टाचेत वारं शिरलंय, डागून घेतो. तुमचं वाचल्यावर वाटतं की टाच ही जागा बरोबर आहे का? घोडा उभ्याने झोपतो त्याचाही याच्याशी संबंध आहे असं कुणी तरी म्हणालं.

पशुवैद्य_माणदेश

गुरुजी, शेजाऱ्यांना आजच्या आज सांगा, डागू नका. हात जोडून सांगतो.

हा आजार माझ्या भागात इतका बघितलाय की वर्णन वाचूनच कळतं, तरी जवळच्या पशुवैद्यकाला हाताने तपासू द्या. दुखणं टाचेत नसतं, वर गुडघ्याच्या वाटीत असतं. वाटी खालच्या हाडाला बंधांनी बांधलेली असते. माणसाला, शेळीला, कुत्र्याला असा एकच बंध असतो. बैलाला आणि घोड्याला तीन : आतला, मधला, बाहेरचा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन कडा असतात, वाटी त्यांच्या मधल्या खाचेत वरखाली सरकते. आतली कड वरच्या बाजूला चांगली जाड, फुगीर असते. पाय पूर्ण मागे गेला की वाटी वर चढते, आतला बंध त्या फुगीर कडेवर अडकतो आणि वाटी खाली यायलाच तयार नसते.

घोडा हे मुद्दाम करतो. एका मागच्या पायाची वाटी अशी अडकवून त्यावर वजन देतो, दुसऱ्या पायाचं खूर नुसतं टेकवून ठेवतो आणि उभ्या उभ्या डुलकी काढतो. थोड्या वेळाने पाय बदलतो. मनात आलं की वाटी जराशी वर-बाहेर ओढून बंध सोडवतो आणि चालायला लागतो. गाढ झोपेसाठी मात्र त्यालाही आडवं व्हावंच लागतं. बैलाला या सोयीची गरज नाही, तो बसून रवंथ करतो. त्याच्यात बंध अडकला की तो आजारच.

मग सगळे टाचेकडे का बोट दाखवतात? कारण या जनावरांत गुडघा आणि टाच यांची हालचाल एकमेकींना बांधलेली असते. पोटरीच्या पुढून एक आणि मागून एक अशा मजबूत पट्ट्या गुडघ्याच्या वरून निघून टाचेच्या खाली उतरतात. गुडघा वाकला की टाच वाकणारच, गुडघा ताठ राहिला की टाचही ताठ. वाटी अडकली की टाच वाकत नाही, आणि डोळ्यांना फक्त टाच दिसते. म्हणून टाचेवर बिब्बा, टाचेवर तापलेला विळा. मी असे बैल बघितलेत ज्यांच्या टाचेवर डागांच्या रेघांवर रेघा आहेत, कातडी आखडून सांधा कायमचा जाड झालाय, आणि वाटी मात्र जशीच्या तशी अडकतेय. तो मुका जीव ते सोसतो, आणि दुखण्याची जागा हातभर वर असते. यासाठीच मला वाटतं की सांधे शाळेत शिकवायला हवेत. त्या सातवीच्या मुलीच्या घरी बैल असेल तर पुढे कुणी डागायला निघालं की ती तरी अडवेल.

उपाय साधा आहे. बैलाला नीट पाडून, पाय बांधून, गुडघ्याच्या आतल्या बाजूला जागेवर भुलीचं इंजेक्शन देतात आणि बारीक छेद घेऊन तो आतला बंध कापतात. उरलेले दोन बंध वाटी सांभाळतात. अनुभवी हाताला थोड्याच मिनिटांचं काम. बहुतेक बैल उठले की तिथेच पाय मोकळा टाकत चालतात, मालकाच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघावं. नंतर काही दिवस विश्रांती, जखमेवर माशी बसू द्यायची नाही, आणि लगेच गाडीला जुंपायचं नाही.

फिजिओ_कोथरूड

डॉक्टर, तुमचं वाचून माझा माणसांचा गुडघा आठवला. कुलूप आपल्यालाही आहे, फक्त वेगळं. गुडघा पूर्ण सरळ होताना अगदी शेवटी नडगीचं हाड जरासं बाहेर फिरतं, सगळे बंध ताणले जातात आणि गुडघा बसतो. मग मांडीचे स्नायू जवळजवळ सैल सोडूनही उभं राहता येतं. पंढरीच्या दर्शनबारीत माणूस इतका वेळ उभा राहू शकतो तो याच्या जोरावर. गुडघा किंचित वाकवून उभे राहा, थोड्याच वेळात मांड्या थरथरतात. चालायला निघताना गुडघ्याच्या मागचा एक छोटा स्नायू ते हाड परत फिरवून कुलूप काढतो.

माझ्याकडे येणारे बरेचजण "गुडघ्यातलं वंगण संपलंय" म्हणून येतात आणि चालणं बंद करतात. निरोगी गुडघ्यातही हा द्रव फार नसतो, साधारण ४ मिलिलिटरच्या आतच. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण याच द्रवातून मिळतं. वजन पडलं की कूर्चा दाबली जाते, वजन उठलं की द्रव आत शोषते. पायाची हालचाल थांबवली तर हे येणं-जाणंही थांबतं. सुजलेल्या, लाल, गरम गुडघ्याची गोष्ट वेगळी, तिथे आधी डॉक्टर. पण नुसता करकर वाजतो म्हणून घरात बसून राहू नका.

मातीचा_बैल

शेजाऱ्यांनी ऐकलं, उद्या तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर येणार आहेत. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

डॉक्टरसाहेब, शेवटचं विचारतो. सांधा आतून कसा असतो हे मुलांना दाखवायचं तर काय आणू? चित्र आहे, पण पोरांना हाताने धरायचंय.

पशुवैद्य_माणदेश

शेळीची मागची तंगडी आणा. खाटकाला आधी सांगून ठेवा की गुडघ्यावर सुरा चालवू नको, मांडीच्या अर्ध्यापासून पोटरीच्या अर्ध्यापर्यंत अख्खी दे. दुकानात साधारणपणे सांध्यावरच तोडतात. शाकाहारी घरच्या मुलांना आधी विचारा, ज्यांना नको त्यांनी नुसतं लांबून बघितलं तरी चालेल. कापायचं काम तुम्ही करा, पोरांच्या हाती सुरी नको, आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

वरचं मांस काढलं की आधी वाटी आणि तिचा एकुलता एक बंध दिसेल. पाय वाकवून-सरळ करून वाटी कशी सरकते ते दाखवा. मग वाटीच्या बाजूने पिशवीसारखं आवरण अलगद चिरा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा थोडासा द्रव बोटाला लागेल. वाटी बाजूला उलटवली की हाडांची टोकं निळसर पांढरी, काचेसारखी चकचकीत दिसतील, ती कूर्चा. तिच्यावर बोट फिरवायला द्या, ते कसं निसटतं ते कळू द्या, मग कापलेल्या हाडाच्या खरखरीत भागावर फिरवायला द्या. गुडघा पूर्ण वाकवून मधे डोकावलं की दोन बंध एकमेकांना फुली मारून गेलेले दिसतील. क्रिकेटवाल्यांचा जो फाटतो असं पेपरात येतं, तो यांतलाच पुढचा. आणि दोन हाडांच्या मधे अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या. माणसाच्या गुडघ्यात हे सगळं याच जागी, याच क्रमाने असतं, फक्त आकाराने मोठं.

तंगडी ताजीच हवी. आदल्या दिवशीची असेल तर द्रव चिकट होतो आणि कूर्चेची चकाकी जाते.